बाबांचा वाचपी

मी काय काम करते हे आमच्या गावात, सर्वणात, कोणी विचारलं तर मी "कॉम्प्युटरवर" एवढंच सांगते आणि विषय बदलते. खरं काम असं: दुसऱ्यांच्या सर्व्हरवर कुठलं सॉफ्टवेअर बसवायचं, कुठलं काढायचं आणि कोण कोणावाचून चालणार नाही, ते मी बघते. लिनक्सवर एकही पॅकेज एकटं येत नाही. एक मागवलं तर ते आपल्याबरोबर पाच घेऊन येतं, आणि त्या पाचांना आणखी बारा लागतात. लग्नाचं आमंत्रण एका घराला द्यावं आणि दारात टेम्पो भरून माणसं उतरावीत, तसा प्रकार. कोण कोणावर टेकून उभं आहे ह्याची नोंद पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम ठेवतो. त्याला न विचारता मधलं एखादं उपटलं की वरचं सगळं खाली येतं. मग मला बोलावतात.

हे मी घराच्या माडीवरून करते. खाली बाबा असतात. आई गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा "थोडे दिवस" म्हणून मी पुण्याची खोली सोडून आले आणि राहिले. लग्न केलं नाही, आणि त्याची जेवढी काळजी गावाला आहे तेवढी मला नाही. माझ्याबरोबर काम करणारी माणसं पाच शहरांत आहेत. त्यांचे आवाज दिवसभर माझ्या कानात असतात, तोंडं मात्र कधीतरीच दिसतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, त्याला मी "चार उंडे" म्हणते. कित्येक दिवस समोरासमोर बोललेलं तेवढंच असतं. बाबांशी बोलणं म्हणजे "जेवलंस?" आणि "जेवले".

बाबा खाणीवरच्या काट्यावर होते. शिरगावच्या बाजूचे खनिजाचे ट्रक तोलून त्यांचे आकडे लिहायचे, असं त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त झाले आणि काचबिंदूनं डोळे गेले. उजेड कळतो, समोर माणूस उभं आहे हे कळतं, अक्षर मात्र कळत नाही. मग आई त्यांना पेपर वाचून दाखवायची. वाचायची म्हणजे पेपराशी भांडायची. आधी निधनवार्ता, कारण कोणाच्या घरी जायचं ते आधी कळायला हवं, मग राजकारण, आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी तिचं स्वतःचं मत. एका पेपराला दीड तास लागायचा. मधेच बाबा काहीतरी आगाऊ बोलायचे आणि ती पेपर आपटून स्वयंपाकघरात निघून जायची. पाच मिनिटांनी परत यायची, कारण अर्धी बातमी तिचीही राहिलेली असायची.

ती गेल्यावर मी काय केलं? पॅकेज बसवलं.

मी स्वतः वाचून दाखवायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सकाळी मीटिंग असते, संध्याकाळी मीटिंग असते, आणि मला आईसारखं वाचता येत नाही. म्हणून मी माझा जुना लॅपटॉप खाली सोप्यात त्यांच्या खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम बसवला. रोज पहाटे नेटवरून पेपरचा मजकूर आपोआप उतरवून घ्यायची सोय केली. नेट गेलं तर शेवटचा उतरवलेला पेपर वाचायचा, असंही सांगून ठेवलं. पावसात आमच्याकडे नेट जातंच, आणि बाबांनी कळ दाबल्यावर गप्प बसणारं यंत्र मला नको होतं. स्पेसबार बोटाला सापडावा म्हणून त्यावर आईच्या डबीतली खड्याची टिकली चिकटवली. बाबांनी त्या यंत्राला "वाचपी" म्हणायला सुरुवात केली. वाचपी म्हणजे वाचणारा.

पुढे एकदा त्या आवाजाचं नवं व्हर्जन आलं. ते घाईत वाचायचं आणि "ळ" गिळायचं. बाबा दोन दिवस ऐकत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्यो नाका. पयलो बरो आशिल्लो." मी नवं काढलं, जुनं परत घातलं आणि त्यावर होल्ड लावला. होल्ड म्हणजे पॅकेज मॅनेजरला ताकीद: बाकी काय वाटेल ते बदल, ह्याला हात लावू नकोस. पण एकाला असं जागच्या जागी बांधून ठेवलं की त्याच्यावर टेकलेलीही जुनीच राहतात, आणि ती जुनी राहिली की नवी येणारी अडतात. रोज काही ना काही कुरकुर सुरू झाली. शेवटी वैतागून मी त्या लॅपटॉपचे सगळेच अपडेट बंद करून टाकले. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, त्यातली गत.

रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला माडीच्या लाकडी जमिनीतून वाचप्याचा आवाज वर यायचा. शब्द कळत नसत, आणि मी ते कळून घेतही नसे. आवाज आला म्हणजे बाबा उठले, चहा झाला, सगळं ठीक. मला खाली जायचं कारण उरत नसे. कधी आवाज उशिरा आला तर मी वरूनच नेटवर्कनं त्या लॅपटॉपमध्ये शिरायचे आणि वाचपी सुरू आहे का बघायचे. खाली उतरायला चौदा पायऱ्या आहेत. मशिनीत शिरायला एक ओळ लागते.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी तशीच शिरले. शुक्रवारी मी एका गिऱ्हाईकाला जुनाट सिस्टिम चालवल्याबद्दल भरपूर सुनावलं होतं, आणि रविवारी मला आठवलं की आपल्या घरात त्याहून जुनाट एक आहे. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावू. पूर्ण अपग्रेड सुरू केलं. होल्ड असताना पुढे जाता येत नाही, असं पॅकेज मॅनेजरनं सांगितलं. होल्ड मी काढला. नंतर परत लावीन असं मनात होतं.

मग आली यादी. आधी नव्यानं येणारी पॅकेजेस, मग बदलणारी, मग काढून टाकायची. स्क्रीन भरभरून नावं, आणि शेवटी एकच प्रश्न: पुढे जायचं का?

इथे मला माझ्या आजोळाबद्दल सांगायला हवं. आई पेडण्याची. तिच्या गावच्या देवळात जत्रेआधी गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी देवासमोर उभा राहून सगळ्या देवांची, सीमेवरच्या राखणदारांची, पूर्वजांची नावं ओळीनं घेतो, मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. ऐकतं कोणीच नाही. सूर उतरला की व्हय म्हाराजा. लहानपणी आमच्यात चढाओढ असायची, सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणतं ह्याची. एकदा त्या मानकऱ्यानं गाऱ्हाण्याच्या मधेच, त्याच सुरात, कोणाची स्कूटर पालखीच्या वाटेत उभी आहे ती काढा असं म्हटलं, आणि सगळ्या देवळानं "व्हय म्हाराजा" म्हटलं. स्कूटर तिथेच राहिली.

तर त्या रविवारी यादी संपली, प्रश्न आला, आणि एकटी बसलेली मी चक्क तोंडानं "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि एन्टर दाबलं. वीस वर्षं हेच काम करते. नवीन आलेल्यांना मी पहिल्या दिवशी सांगते की बाकी काही वाचू नका, काढून टाकायची यादी तेवढी वाचा. त्या यादीत सदतीस नावं होती. त्यात वाचप्याचा आवाज होता, कारण तो ज्या जुन्या लायब्ररीवर टेकलेला होता ती नव्या सिस्टिममध्ये राहिलीच नव्हती. आणि डिस्क लहान म्हणून उतरवलेल्या जुन्या पॅकेजेसच्या फाइली मी स्वतःच केव्हातरी साफ केल्या होत्या, म्हणजे परत घालायला जवळ काहीच नव्हतं.

संध्याकाळी सहा वाजले आणि खालून काहीच आलं नाही. थोड्या वेळानं जिन्याच्या पायथ्याशी बाबांचा आवाज आला. "बाय, वाचपी आयज बोलना गो."

मी खाली गेले. दहा मिनिटांत काय झालं ते कळलं. "बाबा, तवसर नवो आवाज घालू काय?"

"नाका. रवांदे. तू आपलां काम कर."

ते हे इतक्या सहज म्हणाले की मला जास्तच लागलं. ह्या माणसाला दिवसभरात सोबत म्हणून एक आवाज होता, तोही मी न वाचता पुसून टाकला होता. ऑफिसात काही बिघडलं तर गिऱ्हाईक ओरडतं, आणि ओरडलं की आपल्यालाही बरं वाटतं. बाबा ओरडत नाहीत.

पुढचे चार दिवस घर गप्प होतं. इतकं गप्प असू शकतं हे मला माहीत नव्हतं. फ्रिज सुरू झालेला कळायचा. बाबांच्या सपाता सोप्यातून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून सोप्यापर्यंत गेलेल्या कळायच्या. मीटिंगमध्ये कोणी बोलायचं थांबलं की खालची शांतता कानात शिरायची, आणि मग मी उगाच माइक बंद करून जिन्यापर्यंत जायचे. त्या चार दिवसांत मी जितक्या वेळा खाली उतरले तितकी वर्षात उतरले नसेन. चहा न्यायचे, लॅपटॉप उघडून बसायचे, बाबा खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले असायचे. आपण कोणाच्या तरी समोर बसलोय आणि बोलायला काही नाही, ह्याची मला लाज वाटायची. तिसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून काट्यावरच्या एका ड्रायव्हरची गोष्ट सांगायला घेतली. ट्रक तोलताना तो केबिनमध्ये कुत्रा लपवायचा, वजन वाढावं म्हणून. गोष्ट चांगली होती. मी "हो का" म्हणाले आणि स्क्रीनकडे बघत राहिले, कारण एक फाइल उतरत होती.

मदत कोणाकडे मागितली नाही. मागता आली असती. माझ्याच टीममध्ये दोघं असे आहेत की तासाभरात वाट दाखवली असती. पण मग विचारलं असतं, हा कोणाचा सर्व्हर? त्यांना काय सांगणार होते? की माझ्या वडिलांना मी पेपर वाचून दाखवत नाही, त्यासाठी हे केलंय, आणि तेही मोडलं.

बुधवारी जुन्या पॅकेजेसचा एक साठा नेटवर सापडला आणि त्यात तो आवाज मिळाला. पण त्याला लागणारी जुनी लायब्ररी नव्या सिस्टिममध्ये घातली असती तर दुसरं बरंच काही पडलं असतं. म्हणून मी नव्या सिस्टिमच्या आतच एक छोटी, वेगळी, जुनी सिस्टिम उभी केली. आवाज आणि त्याला जे जे लागतं ते सगळं तिच्यात ठेवलं. दोघांचा एकमेकांना त्रास नाही. काम चोख झालं. एरवी असं काम झालं की मी कोणाला तरी दाखवते.

गुरुवारी दुपारी, वर बसूनच, शेवटची तपासणी करत होते. दुरुस्ती होईपर्यंत पहाटेचं उतरवणं मी रविवारपासून थांबवून ठेवलं होतं; ते परत सुरू करायला पेपरचा मजकूर जिथे उतरतो तो फोल्डर उघडला. शेवटच्या फाइलची तारीख बघितली आणि वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. ती गेल्या वर्षीच्या मेमधली होती.

नीट शोधल्यावर कारण सापडलं, आणि ते मीच होते. अपडेट बंद केल्यामुळे सुरक्षित जोडणीसाठी लागणारी सर्टिफिकेटंही जुनी झाली होती. पेपरच्या साइटनं एक दिवस त्या लॅपटॉपला दारातूनच परत पाठवलं, आणि रोज पाठवत राहिली. माझा प्रोग्रॅम मी शिकवल्याप्रमाणे वागला. पेपर उतरला नाही, तर शेवटचा उतरलेला वाच. त्याच्यासाठी ते नेट गेल्यासारखंच होतं. निधनवार्तांनंतरची पहिली बातमी अशी होती की डिचोलीत दोन दिवस नळाला पाणी येणार नाही. म्हणजे अख्खं एक वर्ष, रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, डिचोलीत दोन दिवस नळाला पाणी येणार नव्हतं.

आधी मला हसू आलं. मग बाबांचा राग आला, चांगलाच. सांगायला काय झालं होतं? माणसानं वर्षभर तोच पेपर ऐकावा आणि तोंडातून ब्र काढू नये, ही कसली सोशिकता? आई असती तर हे दुसऱ्या दिवशी उघड झालं असतं. मग मी नवी सर्टिफिकेटं आहेत ना बघितलं, त्या दिवसाचा पेपर उतरवला, वाचप्याला एक ओळ वाचायला लावली. खालून जुना आवाज आला. मी चौदा पायऱ्या तावातावानं उतरले.

बाबा खुर्चीतच होते. म्हणाले, "बोललो गो तुजो वाचपी."

"बाबा, वरीसभर तो एकच पेपर वाची होतो. तुमी सांगलां कित्याक नाय?"

"खबर आसा माका," ते म्हणाले. "डिचोलेक दोन दिस पाणी नाय." आणि हसले.

"मगे आयकत कित्याक बसलात?"

"आयकता कोण? तुजी आवय वाची, तां मी आयकी. ह्यो पत्रो वाजता." ते सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. काट्यावरचा आकडा सांगावा तसं सांगत होते.

मला काही कळेना. चार दिवस मी ज्यासाठी जीव काढला होता ते त्यांना नकोच होतं, तर रोज दोनदा, न चुकता, कळ का दाबायची? मी तसं विचारलं.

बाबा माझ्या दिशेनं बघत होते. माझ्या तोंडाच्या थोडं बाजूला, तिथे त्यांना उजेड अडल्यासारखा दिसत असणार. "तू दिसभर वर एकटां," ते म्हणाले. "खाली घरात कोणतरी बोलता असां तुका वाटाक व्हया, म्हणान लायतंय."

मी टेबलाला टेकून उभी राहिले. वाटलं, एवढंच असेल. पण ते पुढे म्हणाले, "तुका कळलां नाय मगे? माका वाटलां, पाण्याचां रोज आयकान तू आज नाय तर फाल्यां खाली येतलंस. इचारतलंस, बाबा, ह्यां काय?"

बोलले असते तर रडले असते, आणि आमच्या घरात एकमेकांसमोर रडायची पद्धत नाही. आईच्या वेळीही आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत रडलो होतो. वर माझ्या लॅपटॉपवर मीटिंगची घंटी वाजायला लागली. ती बाबांनाही ऐकू आली. "जा," ते म्हणाले, "बोलयतत तुका." आणि मी गेले. मी राहायला हवं होतं. हे लिहिताना मला ते स्पष्ट दिसतंय, आणि तेव्हाही दिसत होतं.

मी वर पोचून खुर्चीत बसते न बसते तोच खाली त्यांनी कळ दाबली. मी हेडफोन घातले नाहीत. पाच शहरांतली माणसं स्क्रीनवर ओठ हलवत होती आणि मी खालचा पेपर ऐकत होते. आजचा पेपर, आधी निधनवार्ता, मग राजकारण, मग मये तलावाकाठच्या रस्त्याची एक लांबलचक बातमी. कान देऊन ऐकलं तर वर सगळं स्पष्ट ऐकू येतं, शब्दन् शब्द. मी शेवटपर्यंत ऐकलं. खाली ते कोणी ऐकत नव्हतं, हे आता मला माहीत होतं.